जित्या बाईचा शोकप्रस्ताव

भागीरथाबाई उमरखेडच्या एसटीतून उतरली अन् समोर तिचाच फोटो. बसस्टँडच्या चौकात हा एवढा मोठा फ्लेक्स, त्याले झेंडूचा हार, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. बाई डोळ्याचं ऑपरेशन करून आलेली, काळा चष्मा लावलेला, तिले काही नीट दिसलं नाही. तिनं फुटाण्याच्या गाडीवाल्याले विचारलं, “कोण गेलं रे बाप्पा?” त्यानं तिच्याकडं पाह्यलं, फ्लेक्सकडं पाह्यलं, अन् गाडी ढकलत निघून गेला.

फ्लेक्सवर खाली ‘शोकाकुल’ म्हणून पहिला फोटो माझा. मी दीपा, या गावची नगराध्यक्ष. त्या फोटोत मी हात जोडून छान हसून राह्यली होती, कारण रोशनजवळ माझा दुसरा फोटोच नव्हता.

रोशन म्हणजे आमचा नगरसेवक, फ्लेक्सचं दुकान त्याचंच. त्यानं आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जुना फोटो टाकला. गाव ग्रामपंचायत होतं अन् भागीरथाबाई इथली पहिली बाई सरपंच झाली, त्या दिवशीचा. सोबत काही लिहिलं नाही. कोणीतरी खाली हात जोडले. दुसऱ्यानं लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. मग काय, धडाधड सुरू. आमच्या गावात मयताले जायले कोणाले वेळ नसते, पण श्रद्धांजलीत कोणी मागं राहत नाही. मीबी टाकली. तिच्या घराले कुलूप होतं, ती ऑपरेशनसाठी लेकीकडं गेलती. माती कधी झाली, कुठं झाली, एकानंही विचारलं नाही. जो तो धरून चालला का दुसरा कोणी जाऊन आला असन.

त्यातच सर्वसाधारण सभा आली. सभेच्या सुरुवातीले शोकप्रस्ताव घ्यायची रीतच आहे. मी उठली. मनात चार गुळगुळीत वाक्यं जुळवून ठेवली होती, पण तोंड उघडलं अन् माझी माय आठवली.

माय अन् भागीरथाबाई आठवडी बाजारात शेजारी शेजारी बसायच्या. माय भाजी घेऊन, ती मिरच्या घेऊन. बाजारात बायांसाठी मुतारी नव्हती, आताबी नाही. बाजाराच्या दिवशी माय सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायची नाही. अगदीच नाही राहवलं तर उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं जायची, अन् मी लुगडं आडवं धरून उभी राहायची. पुढं तिले लघवीचा त्रास जडला अन् त्यातच ती गेली. भागीरथाबाईनं मात्र त्या मुतारीचा पिच्छा सोडला नाही. मी खुर्चीवर आली तवा सगळ्यात जास्त खूश तीच झाली होती. दर सभेच्या दिवशी माझ्या केबिनीबाहेर बाकड्यावर येऊन बसायची. अन् मी मागच्या दारानं निघून जायची.

मागच्या दारानं काहून? तर बाजारात ज्या कोपऱ्यावर मुतारी होऊ शकते, नेमका तोच कोपरा बाबूसिंगभाऊले दुकानाच्या गाळ्यांसाठी पायजे. बाबूसिंगभाऊ आमचे उपाध्यक्ष. त्यांची माणसं पाठीशी आहेत म्हणून माझी खुर्ची आहे. ते मले वहिनी म्हणतात, चहा पाजतात, अन् विषयपत्रिकेतून मुतारी काढून टाकतात. अन् मी तो चहा पिते.

तर त्या सभेत मी सगळं बोलली. मायचं, बाजाराचं, लुगड्याचं, भागीरथाबाईच्या चिकाटीचं. मागचं दार तेवढं गाळलं. बोलता बोलता रडली, अन् ते रडणं खोटं नव्हतं. बाया नगरसेविकांनी पदर डोळ्याले लावले. मग बाबूसिंगभाऊच उठले. माणूस वाईट नाही, अन् मेलेल्या माणसाले नाही म्हणवत नाही आमच्याकडं कोणाले. म्हणाले, “भागीरथाबाईच्या स्मरणार्थ बाजारात बायांसाठी संडास-मुतारी बांधा. गाळे काय, दुसरीकडं पाहू.” शोकप्रस्तावातच लिहून टाकलं अन् एकमतानं मंजूर झालं. जिती होती तोवर ज्या बाईले बाकड्यावर ताटकळत ठेवलं, ती मेली म्हटल्यावर तिले उभ्या उभ्या देऊन टाकलं.

अन् मग ती एसटीतून उतरली.

फ्लेक्स ताबडतोब काढला, पण गाव हसायचं थोडंच थांबते. बाबूसिंगभाऊ माझ्या घरी आले, टोपी मांडीवर ठेवून बसले. म्हणाले, “वहिनी, पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करतो न आपण, तवा दुरुस्ती घेऊ. बाई हयात आहे, प्रस्ताव नजरचुकीनं झाला, रद्द.”

“अन् मुतारी?”

“मुतारी त्यातच आहे न. स्मरणार्थच नाही राह्यलं तर बांधायची कायले? पाहू पुढं.”

पुढं म्हणजे गाळे, हे न समजायले मी काही दुधखुळी नाही. मी म्हणू शकली असती का नाही भाऊ, मुतारी राहीन. नगराध्यक्ष मी आहे, ते नाही. पण मी म्हटलं, “बरं.” एवढंच म्हटलं. ते गेल्यावर मले माझीच किळस आली.

संध्याकाळी भागीरथाबाईकडं माफी मागायले गेली. ती दारात खाटेवर बसली होती, पुढ्यात मिरच्या वाळत घातलेल्या. मले पाहून म्हणे, “ये पोरी. मयताले आली का?”

मी तिचे पाय धरले. “आजी, लय चुकलं आमचं.”

“चुकते माणूस. हार चांगला ताजा होता पण.” चष्म्याआड ती हसून राह्यली होती का नाही, मले कळलं नाही. मग म्हणाली, “सभेत लय रडली म्हणते तू. मुतारीबी मंजूर केली म्हणते.”

आता लपवून काय करता. मान खाली घालून मी दुरुस्तीचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे मी मेली तर होते, अन् जिती असली तर नाही.”

“तसं नाही आजी.”

“तसंच आहे. मीबी सरपंच होती, मले नको शिकवू.” तिनं एक मिरची उचलली, देठ मोडला. “तुह्या केबिनीबाहेर बसायची न मी, तवा मागच्या दाराचा आवाज यायचा मले. कडी वाजते त्याची. तुह्या मायले कधी सांगितलं नसतं मी, पण ती असती तर तिलेही ऐकू आला असता.”

कान असे तापले का वाटलं इथंच धरणीनं पोटात घ्यावं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही, देठ मोडत राह्यली.

“दुरुस्ती नको करू,” ती म्हणाली. “मले मेलेलीच राहू दे अन् बांधून टाक.”

“असं कसं होईन आजी? बाबूसिंगभाऊ ऐकणार नाहीत.”

“तुह्यानं होत नसन तर राहू दे. सभा कधी आहे तेवढं सांग. मी येतो.”

सभेच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली. बाकड्यावर नाही, सभागृहात, अगदी माझ्या समोर. धुतलेलं लुगडं, काळा चष्मा. नगरसेवक येत अन् तिले पाहून दारातच थबकत. कोणी नमस्कार करे, कोणी मोबाइल काढून त्यातच तोंड घाले. रोशन मागच्या रांगेत जाऊन लपला.

मुख्याधिकारी साहेबांनी इतिवृत्त वाचायले घेतलं. “माजी सरपंच भागीरथाबाई यांच्या दुःखद निधनाबद्दल ही सभा…” तिथून पुढं त्यांचा आवाज बसला तो बसलाच. पंखाच जास्त ऐकू येऊन राह्यला होता.

“जोरात वाचा साहेब,” भागीरथाबाई म्हणाली. “डोळ्यानं कमी दिसते मले. कानानं तरी ऐकू द्या.”

साहेबांनी जोरात वाचलं. तीव्र शोक, आत्म्यास शांती, स्मरणार्थ आठवडी बाजारात महिलांसाठी संडास-मुतारी, सगळं. ती मान हलवत ऐकत होती.

“कोणाची काही दुरुस्ती?” मी विचारलं. बाबूसिंगभाऊ उठले.

तिनं चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा अजून लाल होता. “बोल बाबूसिंग. भागीरथा जिती निघाली म्हणून बाजारातल्या बायांची मुतारी रद्द, असं बोल. माह्या तोंडावर बोल, मग मी जातो घरी.”

बाबूसिंगभाऊंनी माझ्याकडं पाह्यलं. त्यांना वाटलं मी सावरून घेईन, नेहमीसारखी. मी टेबलाकडं पाहत राह्यली. त्या दिवशी माझ्या हातून झालेली हिंमतीची गोष्ट म्हणाल तर एवढीच, का मी गप बसली.

“दुरुस्ती नाही,” ते म्हणाले अन् खाली बसले.

“मंग करा हात वर,” भागीरथाबाई म्हणाली.

हे म्हणायचं काम माझं होतं. एकेक हात वर गेला. समोर बसलेल्या जित्या बाईच्या मरणाले आम्ही सगळ्यांनी मंजुरी दिली, अन् एकाचीही तिच्याकडं पाहायची छाती झाली नाही. मीबी हात वर केला. तो हात मले माझा वाटत नव्हता. शेवटी तिनंही आपला हात वर केला. “मले मत नाही, माहीत आहे. तरी धरा.”

मग ती काठी टेकत उठली अन् माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, “पोरी, इथं बायांची कुठं आहे? सकाळपासून बसून राह्यली मी.”

इथं बायांची होती. जिन्याखाली, दारावर पाटीसकट. पण तिले कुलूप होतं, अन् किल्ली रोशनजवळ, कारण आत त्याचे फ्लेक्स ठेवलेले. मी तिथं कधीच गेली नव्हती. सभेच्या दिवशी मीबी सकाळपासून पाणी पीत नाही. माय जसं करायची तसंच, खुर्चीवर बसून.

रोशननं धावत येऊन कुलूप काढलं. दार उघडल्याबरोबर गुंडाळलेला फ्लेक्स अंगावर आला अन् खाली पडून उलगडला. तिचाच तो. तिचा चेहरा, अन् खाली हसून राह्यलेली मी. रोशन उचलायले वाकला, मी त्याले बाजूले सारलं. एकेक फ्लेक्स माझ्या हातानं ओढून बाहेर काढला, नळाखालची बादली भरून आत ठेवली. नगरसेवक जिन्यावर उभे राहून पाहत होते.

भागीरथाबाई आत गेली. दाराले आतून कडी नव्हती. मी बाहेरून दार धरून, सगळ्यांकडं पाठ करून उभी राह्यली, लहानपणी मायसाठी लुगडं धरून राहायची तशी.