डोक्याकडचं लाल ठिगळ

मित्रांनो, मी एक जुनी वाकळ आहे. तुम्ही मला गोधडी म्हणत असाल तर तसं म्हणा, ऊब तीच. सध्या माझा मुक्काम भांडुपच्या एका घरात, कपाटावर आहे. मला साबणाचा वास येतो, माझ्या घडीत डांबरगोळ्या आहेत. या घरात माझ्याइतकं कोणालाच जपलं जात नाही आणि त्याचीच मला चीड येते. का, ते सांगते.

मला लताबाईंनी शिवलं. त्यांचं माहेर जालन्याकडचं. जुनी लुगडी एकावर एक अंथरून त्यांनी मध्ये नवऱ्याचा खाकी सदरा घातला आणि वरून भीमजयंतीला नेसायची निळी साडी लावली. एका टोकाला लाल ठिगळ जोडलं. "हे डोक्याकडचं. पायाकडची बाजू तोंडावर घेऊ नये," असं त्या आपल्या धाकट्या मुलाला, भीमराजला सांगत. त्याने ते इतकं मनावर घेतलं की लाल ठिगळ बोटांनी चाचपल्याशिवाय त्याला झोपच येत नसे. थोरला विशाल त्याला त्यावरून फार चिडवायचा.

भीमराज मोठा झाला आणि मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात लागला. हात चांगला होता त्याचा. पुढे त्याला कुणाकुणाचे आवाज ऐकू यायला लागले. फोन आपलं बोलणं चोरून ऐकतात, असं म्हणून तो गिऱ्हाइकांचे फोन बादलीत बुडवू लागला. धाकटी बहीण श्रुतिका लग्नाची झाली होती, आणि अशा गोष्टींना पाय फुटायला वेळ लागत नाही. विशालने चाळीत सांगून टाकलं, "भीमा दुबईला गेला." भीमा गेला होता अंधेरीच्या एका खासगी दवाखान्यात, आणि त्याच्यासोबत मी.

काय तो थाट! थंडगार खोली, भिंतीवर समुद्राचं चित्र, नर्स त्याला 'सर' म्हणायच्या. मला बघून मात्र एकीने नाक मुरडलं. "हे बेडवर नाही चालणार हां. इन्फेक्शन होतं." मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच खोलीतल्या कपाटात कोंबलं. आतून मला सगळं ऐकू येई. भीमराज पांढऱ्या दुलईचे कोपरे चाचपायचा, ती उलटीसुलटी करायचा, शेवटी रडत ओरबाडायचा. मग "पेशंट अ‍ॅग्रेसिव्ह होतोय" असा निरोप जायचा आणि सुई यायची. तू काय शोधतोयस, असं त्या गोड बोलणाऱ्या माणसांपैकी एकानेही विचारलं नाही. आई आली तर "भेटलात की तो डिस्टर्ब होतो" म्हणून तिला खाली शोभेच्या माशांच्या काचपेटीजवळ बसवून ठेवायचे. मग विशालकडचे पैसे संपले, आणि डॉक्टरांना भीमराज लगेच बराच सुधारलेला दिसू लागला. त्याला घरी पाठवलं.

तो सुधारला नव्हता. 'सुट्टीवर आलाय' असं विशालने चाळीत सांगितलं, पण त्याने पुन्हा फोन बुडवायला सुरुवात केली, तेव्हा 'परत दुबईला गेला' म्हणून त्याला सरकारी मनोरुग्णालयात नेलं. तिथे गरिबाचा कळवळा वाहत असतो, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. खाटेला खाट लागलेली, मुतारीचा वास, वॉर्डातला मामा येताजाता खेकसणारा. उवा होतात म्हणून आल्या आल्या भीमराजचं डोकं भादरलं. मला आत घेतलं तेही पांघरुणं कमी पडत होती म्हणून.

शेजारच्या खाटेवर खंडूकाका होते. ते केव्हाच बरे झाले होते, पण त्यांना न्यायला कोणी आलं नव्हतं. पहिल्याच दुपारी त्यांनी विचारलं, "काय चाचपतोयस रे एवढं?"

"लाल ठिगळ. डोक्याकडचं."

काकांनी मला फिरवलं आणि ठिगळ त्याच्या हनुवटीखाली आणून दिलं. "हे घे. झोप आता." भीमराज झोपला.

माझ्यामुळे तो बरा झाला, अशी बढाई मी मारणार नाही. बरं केलं औषधांनी. डॉक्टर मानसीबाईंना प्रत्येकाला द्यायला वेळ कुठून असणार, तरी त्यांनी गोळ्या बदलून बदलून त्याला मार्गावर आणलं. आवाज थांबले. तो तिथल्या शिवणाच्या वर्गात जाऊ लागला आणि माझी उसवलेली कड त्याने स्वतः शिवली. टाके वाकडेतिकडे आले. मला ते माझ्या अंगावरचे सगळ्यात सुंदर टाके वाटतात.

एके दिवशी आई आणि विशाल यांना बोलावणं गेलं. भीमराज केस विंचरून, मला काखेत घेऊन तयार होता. मानसीबाई म्हणाल्या, "गोळ्या चुकवू नका, दर महिन्याला दाखवायला आणा. आता घरी न्या त्याला."

"मॅडम, बहिणीचं लग्न ठरलंय," विशाल म्हणाला. "मुलाकडच्यांना दुबई सांगितलंय. वाट लागेल ना आमची. लग्न होऊ दे, मग बघू."

"दादा, मी काही बोलणार नाही रे," भीमराज म्हणाला. "पाहुणे आले की आत बसेन."

आईचे डोळे भरून आले. काहीतरी करायला हवं म्हणून तिने मला हात लावला. "केवढी मळलीय ही. दे, धुऊन आणते."

भीमराजने मला तिच्या हातात दिलं. "लवकर आण गं, आई."

मित्रांनो, आम्हा दोघांपैकी घरी आले ती मी.

गरम पाणी, साबण, गॅलरीतलं ऊन, माझे फार लाड झाले. शेजारणीने विचारलं, "लताबाई, हे टाके कोणाचे? तुमच्या हाताचे नाहीत हे."

"गावाकडच्या एका बाईचे," असं म्हणून आई आत निघून गेली.

लग्नात मला व्याह्यांच्या अंगावर घातलं. काय ऊब आहे, म्हणाले. लग्न झालं, आता विशाल म्हणतो, श्रुतिकाचं बाळंतपण होऊ दे.

तुमच्या पुस्तकांतल्या जुन्या छत्र्या आणि खुर्च्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला तसं काही मागायचं नाही, माझं सगळं झालं आहे. तुमच्या चाळीतलं कोणी असं अचानक दुबईला गेलं असेल, तर त्याच्या घरच्यांकडे त्याची चौकशी करा, आणि तो परतला तर त्याला चहाला बोलवा. तुम्ही तोंड फिरवाल या भीतीनेच विशालसारखी माणसं दार लावून घेतात. मला परत भीमराजच्या खाटेवर नेऊन टाका, असं आधी सांगणार होते. पण नको, त्यालाच इकडे आणा. आईने माझी घडी घालताना लाल ठिगळ वर ठेवलं आहे.