टाचणीचे पालक

पहिलीचा वर्ग मी सव्वीस वर्षं सांभाळते आहे. पहिल्या आठवड्यातली रडारड मला तोंडपाठ आहे. काही मुलं दाराची चौकट सोडत नाहीत, काहींच्या पोटात नेमकं घंटेच्या वेळी दुखतं, आणि काही जण आई गेली त्या दिशेला तोंड करून आवाज न करता रडतात. ही तिसरी जात सगळ्यात चिवट. तिन्हींवर माझ्याकडे उपाय आहेत, पण बाप रडायला लागला तर काय करायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

हा बाप शिंपी होता. त्याच्या मुलीला तो टाचणी म्हणायचा, म्हणून आम्हीही टाचणीच म्हणायला लागलो. सोमवारी सकाळी टाचणी आली, दुसऱ्या बाकावर बसली, दप्तरातून पेन्सिल काढली आणि फळ्याकडे बघत राहिली. आदर्श मूल. मी मनात म्हटलं, चला, एक तरी सुटलं. तेवढ्यात दारातून हुंदका आला. वळून बघते तर गळ्यात मापाची फीत, कानामागे खडू आणि डोळ्यांतून गंगा वाहतेय असे टाचणीचे वडील उभे.

"अहो, ती बसली आहे छान. तुम्ही निघा," मी म्हटलं.

"निघतो बाई," ते म्हणाले आणि हलले नाहीत.

आता इथे आमच्या मोठ्या बाईंबद्दल सांगायला हवं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्या नियम स्वतः लिहितात, काचेच्या चौकटीत लावतात आणि मग पाळतात. पहिले दोन दोष पुष्कळांत असतात, तिसरा फार वाईट. आमच्या वर्गाच्या दारावर त्यांचा नियम आहे: रडणाऱ्यास घरी पाठवू नये. रडणाऱ्याच्या पालकाने रडणे थांबेपर्यंत वर्गात त्याच्याजवळ बसावे.

मोठ्या बाई फेरीवर आल्या. "कोण रडतंय?"

"टाचणीचे वडील."

त्यांनी नियम वाचला, वडिलांकडे पाहिलं, पुन्हा नियम वाचला. "मग यांना घरी पाठवता येणार नाही. आणि यांचे पालक कुठे आहेत?"

मी हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत. सव्वीस वर्षांत मी एवढंही शिकले नाही, की त्या कधी हसत नाहीत.

मंगळवारी शिंप्याची आई आली. सत्तरीची, दंड भरलेले, आयुष्यभर लोकांचे कपडे इस्त्री करून पोर वाढवलेली बाई. आल्या आल्या तिने मुलाला असं फैलावर घेतलं की मला वाटलं, दहा मिनिटांत प्रश्न सुटतोय. "चाळीस वर्षांचा घोडा झालास, लाज नाही वाटत? पोरगी बघ कशी बसलीय. तुझ्या वयाला माझ्या हाताखाली चार माणसं होती." शिंपी मागच्या छोट्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसले होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "आई, तूसुद्धा मला असंच शाळेत सोडून मागे न बघता गेली होतीस."

झालं. आजीने पदर तोंडाला लावला. "बघितलं असतं तर जाता आलं नसतं रे," ती म्हणाली, आणि मग दोघांनी मिळून जो सूर धरला तो डब्याच्या सुट्टीपर्यंत. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली. मोठ्या बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि आजीला विचारलं, "तुमचे पालक?"

बुधवारी आजीचे थोरले भाऊ आले. त्यांना घरात सगळे मामा म्हणत. वय एक्याऐंशी, ऐकायला कमी, बाजारातले वजनकाटे तपासण्याच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आणि चेहरा असा की जन्मात रडले नसावेत. मला धीर आला. मामा मागच्या बाकावर ताठ बसले आणि मी काही विचारलं की सगळ्यांच्या आधी हात वर करू लागले.

इथपर्यंत मीही घरी जाऊन नवऱ्याला गंमत म्हणून सांगत होते. पण टाचणीचं काय चाललंय हे बुधवारी माझ्या लक्षात आलं आणि गंमत संपली.

आमच्याकडे पहिल्या शनिवारी मोठ्या बाई प्रत्येक मुलाला तीन प्रश्न विचारतात. अवघड काही नसतं. पण मुलाने निदान एकाचं उत्तर स्वतःच्या तोंडाने द्यायला हवं. नाही दिलं, तर ते मूल वर्षभरासाठी बालवर्गात जातं, तीन-तीन वर्षांच्या पोरांबरोबर ठोकळे रचायला. आणि टाचणीने सोमवारपासून वर्गात एक शब्द उच्चारला नव्हता. तिला येत नव्हतं असं नाही. उच्चारायला तिला कोणी जागाच ठेवत नव्हतं.

मी विचारायचे, "टाचणी, एका हाताला बोटं किती?"

"पाच," शिंपी हुंदका आवरून सांगायचे.

"अरे, पोरीला बोलू दे की. पाच," आजी म्हणायची.

"दहा," मामा म्हणायचे, कारण त्यांना प्रश्न अर्धाच ऐकू गेलेला असायचा. मग आजी त्यांच्या कानात ओरडून त्यांची चूक दुरुस्त करायची, आणि तोवर टाचणी उघडलेलं तोंड मिटून पुन्हा फळ्याकडे बघायला लागायची.

मी तिघांना समजावलं, रागावले, एकदा तर छडी आपटली. मामांनी दचकून हात वर केला. उपयोग शून्य. तिघांचंही म्हणणं एकच, की आम्ही तिला मदत करतोय. टाचणीच्या आईला चिठ्ठी पाठवली. ती रुग्णालयाच्या धुलाई विभागात पहाटेच्या पाळीला असते. उत्तर आलं: "बाई, ते थांबतील. आमच्या लग्नातसुद्धा मी नाही, हेच रडले होते. मला रजा नाही."

सोमवारपासून दुकान बंदच असल्याने गुरुवारी गिऱ्हाइकं शाळेत यायला लागली. एक जाडजूड गृहस्थ खिडकीतून विचारू लागले, "माझ्या पँटचं काय झालं?" शिंपी उठले, त्यांना आत बोलावलं आणि फळ्याशेजारी उभं करून रडत रडत माप घेऊ लागले. "कंबर चव्वेचाळीस." तीस मुलांनी एका सुरात म्हटलं, "चव्वेचाळीस." माझ्या वर्गाने या वर्षी शिकलेला पहिला आकडा तो आहे. एक अजून आलेला नाही, चव्वेचाळीस पक्का आहे.

त्याच दुपारी मी माती वाटली. मुलांनी गोळे केले, साप केले. मामांनी तासभर खपून हत्ती केला, चांगला सुळे-बिळे असलेला. तो त्यांनी वाळायला बाकावर ठेवला आणि त्यांची बहीण त्याच्यावर बसली. मामांनी आधी बहिणीकडे पाहिलं, मग हत्ती होता त्या जागेकडे, आणि एक्याऐंशी वर्षं साठवून ठेवलेलं सगळं त्यांनी माझ्या वर्गात मोकळं केलं.

मोठ्या बाई वही घेऊन आल्या. "यांचे पालक?"

"कोणी राहिलं नाही हो," आजी डोळे पुसत म्हणाली. "आई-बाप गेले, काका गेले, वहिनी गेली. घरात सगळ्यात मोठे हेच."

मोठ्या बाईंच्या वहीतला तो रकाना रिकामा राहिला. त्यांच्या कारकिर्दीत असं कधी झालं नव्हतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मला त्यांची दया आली नाही, हे कबूल करते.

शुक्रवारी मी शिंप्याला वर्गाबाहेर काढलं. मला रडणारे पुरुष सहन होत नाहीत. माझे वडील रडले नाहीत, नवरा रडत नाही, आणि मला ते बरं वाटतं. मी स्पष्टच विचारलं, "उद्या ती बोलली नाही तर बालवर्गात जाईल. तुम्हाला तेच हवंय का?"

"नाही हो बाई."

"मग तिची उत्तरं तुम्ही का देता?"

ते मापाची फीत बोटाभोवती गुंडाळत राहिले. "सहा वर्षं ती माझ्या कापायच्या टेबलाखाली बसलीय," ते म्हणाले. "हातात लोहचुंबक. माझ्या हातून टाचणी पडली की ती उचलायची. मी न बघता हात खाली करायचो, ती हातात द्यायची. आता पडते ती पडलेलीच राहते. सोमवारी ती आत गेली ना, तेव्हा तिने वळूनसुद्धा बघितलं नाही. मला दारातच कळलं बाई, तिला माझी गरज नाही. तोंडातून उत्तर निघून जातं. मी थांबवायला जातो, पण निघून जातं."

माझा राग गेला नाही, पण त्यातली हवा गेली. मी म्हटलं, "उद्या तोंड दाबून धरा." ते मान हलवून पुन्हा रडायला लागले, आणि आतून आजीने साथ दिली.

शनिवार. मोठ्या बाई टेबलाशी बसल्या आणि मुलं एकेक करून उभी राहिली. एकाने सूर्य कुठे उगवतो याचं उत्तर "आमच्या गच्चीवर" असं दिलं. ते धरलं. मग टाचणीची पाळी आली. सव्वीस वर्षांत मला इतक्या मुलांनी नको नको केलंय, पण या पोरीने एकदाही त्रास दिला नव्हता आणि तिचंच घोडं अडणार होतं.

"तू शाळेत यायला घरातून किती वाजता निघतेस?" मोठ्या बाईंनी विचारलं.

शिंप्याने दोन्ही हात तोंडावर दाबले. हातांवरून डोळे तेवढे दिसत होते. पण आजीला कोणी सांगितलं नव्हतं. "साडेसातला," ती म्हणाली.

"आठ," गुरुवारपासून मुसमुसणारे मामा म्हणाले.

"आठला कसं? मी दाराशी उभी असते."

"हे उत्तर मुलीचं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या आणि फुली मारली. "मांजरीला पाय किती?"

"चार," आजी म्हणाली. "बोल की गं, चार."

"काय?" मामा म्हणाले.

"मांजर, मांजर!"

"कुठाय?" मामा बाकाखाली वाकले. टाचणीचं तोंड उघडलं होतं ते मिटलं. दुसरी फुली पडली. शिंपी तोंड दाबून गदागदा हलत होते. मी दारावरच्या नियमाकडे बघत होते, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं.

मोठ्या बाईंनी तिसऱ्या प्रश्नासाठी वहीचं पान उलटलं आणि त्यांच्यासमोर गुरुवारचा तो रिकामा रकाना आला. त्या थबकल्या. दोन दिवस त्यांना झोप नसावी. समोर परीक्षा चालू आहे हेही त्या विसरल्या असाव्यात. चष्मा काढून त्या स्वतःशीच म्हणाल्या, "या आजोबांचे पालक आहेत तरी कोण?"

आजीला उत्तर माहीत नव्हतं, मामांना प्रश्न ऐकू आला नव्हता, शिंप्याच्या तोंडावर हात होते. आठवडाभरात पहिल्यांदाच त्या घराकडे सांगायला काही नव्हतं आणि माझ्या वर्गात शांतता होती.

"मी," टाचणी म्हणाली.

आवाज जाड होता. इतक्या लहान पोरीचा असा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं.

"तू सहा वर्षांची आहेस," मोठ्या बाई म्हणाल्या.

"पण दुसरं कोणी नाहीये ना."

मोठ्या बाईंनी नियम पुन्हा वाचला. वयाबद्दल त्यात काही नव्हतं, तो त्यांनीच लिहिला होता. मी पुढे झाले आणि म्हटलं, "बाई, तुम्ही प्रश्न विचारलात. तिसरा. उत्तर आलं." माझा आवाज जरा चढला असेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं, रकाना भरला आणि त्याच शाईने टाचणीच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

"मग नियमाप्रमाणे तुला त्यांच्याजवळ बसावं लागेल," त्या म्हणाल्या.

टाचणी मागे गेली, पण बसली नाही. मामांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आजोबा, पुरे आता. मला अभ्यास आहे."

मामांनी रुमालाने नाक पुसलं, घडी घालून रुमाल खिशात ठेवला आणि उठले. भाऊ उठला म्हणून आजी उठली. घरी इस्त्रीचे गठ्ठे पडलेत, असं काहीतरी पुटपुटत तिने भावाचा दंड धरला आणि दोघं निघाली. मागच्या बाकावर शिंपी एकटे राहिले. त्यांनी तोंडावरचे हात काढले. डोळे कोरडे होते.

ते उठून माझ्याजवळ आले. "बाई, मी जाऊ?"

"मला काय विचारता? तिला विचारा."

टाचणी आपल्या बाकावर परत आली होती आणि पेन्सिलीने मांजराचे पाय काढत होती. शिंपी तिच्याशेजारी वाकले. आठवडाभर ज्याला भिऊन ते बसून होते, ते त्यांनी स्वतः विचारलं. "टाचणे, जाऊ मी?"

"जा," ती म्हणाली. तिसरा पाय चालू होता, तिने मान वर केली नाही. "दार लावून घे."

त्यांनी दार लावून घेतलं.