कर्नलच्या पाठीवरचा क्रॉस

शनिवारी सकाळी नऊलाच हूक्स्ट्रांच्या गॅरेजपुढे चाळीस माणसं रांगेत उभी. कुणाच्या हातात बटाट्याचं कॅसरोल, कुणाच्या हातात हिरवी जेली. कुणासाठी? तर एका सशासाठी. आयोवातल्या या गावात मी तीस वर्षं शाळेची बस चालवतोय. वेडेपणा काही कमी पाहिला नाही. पण सशाला कॅसरोल नेणारं गाव पहिल्यांदाच पाहिलं.

ससा हूक्स्ट्रांच्या दहा वर्षांच्या टिल्डाचा, नाव कर्नल. आठवड्यापूर्वी त्याच्या छातीवरचे केस जायला लागले. टिल्डा घाबरली. तिची आई व्हर्नेल तिच्याहून घाबरली, आणि डॉक्टरला फोन करायचा सोडून तिने ब्रदर वेंडेलला केला. हा वेंडेल कालपरवापर्यंत दारोदार गालिचे धुवायची यंत्रं विकत होता, आता प्रार्थनेने दुखणी बरी करतो म्हणून फिरत होता. त्याने कर्नलला तासभर बंद गॅरेजमध्ये 'प्रार्थनेला' बसवलं, आणि दार उघडलं तेव्हा सशाच्या पाठीवर केस जाऊन चक्क क्रॉस उमटलेला. झालं, गाव लोटलं.

"हा ससा तुमची दुखणी ओढून घेतो," वेंडेल पिंजऱ्यावर हात ठेवून सांगत होता. पिंजऱ्यात सापडलेल्या केसांचे पुंजके तो पाकिटात घालून वाटत होता. "जेवढा तुमचा गुडघा मोकळा, तेवढे त्याचे केस कमी."

"माझे दोन्ही गुडघे धरा," आर्लीन आजी म्हणाल्या. "आणि कंबर."

"कंबरेला शेपटीकडचे केस लागतील, आजी."

"मग माझं टक्कल कुणाच्या दुखण्याने पडलं?" मी विचारलं. कुणी हसलं नाही. व्हर्नेलने डोळे वटारले.

कोपऱ्यात टिल्डा रडत होती. "लोवेलकाका, ब्रदर वेंडेलनी कर्नलला उपास सांगितलाय, डॉक्टरलाही दाखवू नका म्हणालेत. म्हणे गवताने शक्ती अडते. काल सकाळपासून पोटात काही नाही त्याच्या. आम्हाला प्राणी पाळणाऱ्या मुलांच्या क्लबात शिकवलंय, ससा उपाशी राहिला की त्याचं पोट बंद पडतं आणि तो मरतो."

तिला गाडीत घातलं आणि जनावरांच्या डॉक्टर ब्रांटबाईंना घेऊनच परतलो. बाई चिखलाच्या बुटांनिशी रांग मोडून आत शिरल्या. आधी पिंजऱ्यात गवत टाकलं. कर्नल ढिम्म. मग त्यांनी त्याला मांडीवर उताणं केलं आणि नीट पाहिलं.

"हा घेतला कुठून?"

"कौंटीच्या जत्रेतून," व्हर्नेल म्हणाली. "नर म्हणूनच दिला. गोंडस सशांच्या स्पर्धेत निळी फीत मिळाली होती. फीतवाल्या सशाला कोण उलटं करून बघतं?"

"मी बघते. ही मादी आहे. पोटात पिल्लं नाहीत, पण तिला वाटतंय की आहेत. म्हणून छातीचे केस उपटून घरटं करतेय. तुम्ही वाटताय ते तिचं घरटं."

माणसं हातातल्या पाकिटांकडे बघायला लागली.

"छातीचं ठीक आहे," वेंडेल म्हणाला. "पाठीवरचा क्रॉसही तिनेच कोरला का?"

"तिथे तिचं तोंडच पोचत नाही. टिल्डा, जरा हुंगून बघ."

टिल्डाने हुंगलं. "आई पायांना क्रीम लावते ना, तसा वास येतोय."

अख्खी रांग व्हर्नेलच्या पायांकडे बघायला लागली. ती लाल होऊन घरात गेली आणि ट्यूब घेऊन आली. डॉक्टरबाईंनी त्या क्रीमने माझ्या केसाळ हातावर क्रॉस काढला आणि दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसला. हातावर स्वच्छ क्रॉस! वेंडेलची पिशवी लोकांनीच उघडली. आत त्याच क्रीमची अर्धी पिळलेली ट्यूब.

आर्लीन आजी माझा हात ओढून आपल्या गुडघ्यावर ठेवायला लागल्या.

"आजी, हे केस काढायचं क्रीम आहे."

"असू दे रे. सशाला बरं नाही, तू तरी धडधाकट आहेस."

वेंडेल व्हॅनकडे पळाला, पण त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. कर्नल डोळे मिटून पडली होती. डॉक्टरबाईंनी औषध दिलं, पिचकारीने पातळ खाणं भरवलं, पोट चोळलं. दुपार झाली. टिल्डा पिंजऱ्याला कान लावून बसली होती. माणसं घरी जाईनात.

दीडच्या सुमाराला कर्नलने गवताची एक काडी ओढली. थोड्या वेळाने पिंजऱ्यात चार लेंड्या पडल्या.

"पोट सुरू झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या. टिल्डा हमसून हमसून रडली. मघाशी क्रॉस बघायला जमलेलं गाव आता वाकून वाकून लेंड्या बघत होतं, आणि मलाही रडू आलं, लपवत नाही.

केस गेले तर त्याला कारण असतं. कधी खरूज, कधी ऋतू, कधी घरट्याची ओढ. ते न विचारता आपण सगळे रांगेत उभे राहिलो, आणि एक मुका जीव उपाशी मरत होता. पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "याला खायला देऊ नका, डॉक्टरला दाखवू नका," तर रांग सोडा आणि आधी डॉक्टरला आणा.