सातवी चटई

ज्या वर्षी फुआतीनोच्या धाकट्या मुलाला, पेनीला, घराण्याचं मताईपद मिळालं आणि त्या जेवणावळीत गावाने दोन दिवस चुली विझू दिल्या नाहीत, त्या वर्षीची ही गोष्ट. पेनी घराण्याचा प्रमुख होऊन पुरता महिनाही झाला नव्हता, तोच एका पहाटे त्याच्या दारात माणसं चटया पांघरून येऊन बसली.

फुआतीनो त्यांच्या आधीच जागी होती. म्हाताऱ्या माणसाची झोप ती केवढी! कोकोसाठी चूल फुंकताना तिला रस्त्यावरून माणसं येताना दिसली. सहा जण होते. माना खाली, तोंडातून शब्द नाही. गावातली कुत्री एरवी वारा आला तरी भुंकतात, त्या दिवशी ती फणसाखाली पाय पोटाशी घेऊन पडून राहिली. माणसं घरापुढच्या गोट्यांवर एकामागे एक बसली आणि प्रत्येकाने बारीक विणीची एकेक चटई डोक्यावरून ओढून घेतली.

लोतोपुए गावात असं बसण्याचा अर्थ लहान पोरालाही ठाऊक आहे. घरातल्या कुणाच्या हातून मोठा अपराध घडला की त्या घरचे लोक त्याला घेऊन पहाटे येतात आणि दुखावलेल्या घरापुढे चटईखाली मुकाट बसतात. घरच्या मताईने बाहेर येऊन चटई उचलली की माफी झाली. मग त्या गोष्टीचा पुन्हा उच्चार करायचा नाही. जो करील तोच दोषी.

सर्वांत पुढे बसलेले रुंद खांदे फालानीकोचे होते. तो गावातल्या पोरींना वजन उचलायला शिकवायचा. त्याने शिकवलेल्या दोघींनी समुद्रापलीकडून पदकं आणली होती आणि चर्चच्या सभागृहात त्याचा फोटो लागला होता. फुआतीनोची नात सालाफाई, वय वर्षं तेरा, त्याच्याकडे खोबऱ्याच्या जुन्या शेडमध्ये सरावाला जायची. तिची आई ऑकलंडला मासळीच्या कारखान्यात होती. स्पर्धा जवळ आली की फालानीको एकेका पोरीला आतल्या खोलीत घ्यायचा आणि दार लावायचा. वजन करतोय, म्हणायचा. वजन करायला दार कशाला लावावं लागतं, हे गावात कुणी विचारलं नाही. पदकं येत होती.

मग सालाफाईने जेवण सोडलं. तारोच्या कंदांच्या वाफ्यात आजीने खोदून खोदून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मी खूप हलकी झाले की तो मला बोलावणार नाही." पुढचं सगळं तिने जमिनीकडे बघत सांगितलं. फुआतीनो हातातला कोयता तिथेच टाकून निघाली, आणि बायकांच्या समितीत उभं राहून ऐकलेलं सगळं बोलली. दुसऱ्या दिवशी पहाटे दारात चटया.

पेनी डोळे चोळत उठला आणि बाहेर पाहून त्याचा चेहरा उतरला.

"आई, पाहिलंस का? त्याचा काका स्वतः बसलाय. एवढा मोठा सरदार."

"पाहिलं. गोटे टोचत असतील बिचाऱ्याला."

"चेष्टा करू नकोस. ऊन चढायच्या आत उचलायला हवी. सगळं गाव बघतंय."

"गावाला डोळे आहेत होय? आणि त्या दारावर कुणाचेच नव्हते ते?"

"मग काय करू? दगड मारू त्यांना? नवा मताई आणि पहिल्याच कामात उर्मट, असं म्हणतील."

"पदवी चढून महिना झाला नाही, तर पोराची मान दुखायला लागली," फुआतीनो म्हणाली. "तुझ्या बहिणीने लेक कुणाच्या भरवशावर ठेवलीय? तिला फोनवर काय सांगशील? चटई उचलली, आता पोरीला सोमवारी सरावाला पाठवतो म्हणून?"

तेवढ्यात झापांच्या पडद्याआडून सालाफाईचा आवाज आला.

"आजी, ती शेवटची कोण आहे?"

फुआतीनोने पाहिलं. सगळ्यांत मागे, जरा बाजूला, एक सातवी चटई होती. तिच्याखाली बसलेलं माणूस अंगाने लहान होतं.

"सहाच आले होते," ती पुटपुटली.

"तुझे डोळे, आई. असेल त्यांची कुणी पुतणी."

पण त्या चटईखालून पाणी येत होतं. महिनाभर पाऊस नव्हता, गोटे हाडांसारखे कोरडे होते, आणि त्यांच्यामधून पाण्याची एक बारीक धार घराकडे सरकत होती. दाणे टिपणारी कोंबडी तिथवर आली, थबकली आणि उलटी फिरली. चटईच्या काठाबाहेर एक हात टेकलेला होता. त्याच्या अंगठ्याला पांढरी पट्टी गुंडाळलेली होती, वजन उचलणाऱ्या पोरी गुंडाळतात तशी.

"लितिआ अशीच गुंडाळायची," सालाफाई म्हणाली. "टोक आत खोचून. मला तिनेच शिकवलं."

लितिआ याच गावची. चार वर्षांपूर्वी फालानीकोचं घराणं तिच्या घरापुढे असंच बसलं होतं. तिच्या बापाने सूर्य उगवायच्या आत चटई उचलली, आणि केवढ्या मोठ्या मनाचा माणूस, म्हणून गावाने त्याला डोक्यावर घेतलं. गोष्ट मिटली, म्हणून सोमवारी लितिआ पुन्हा शेडमध्ये गेली. वर पाद्रीबाईंनी तिलाच बोलावून समजावलं, गावाचं नाव काढणाऱ्या माणसाला तू खाली मान घालायला लावलीस, तूही देवाची माफी माग. पोरगी मान हलवून आली. नंतर ती गावाच्या समुद्रकाठच्या झऱ्यात सापडली, जिथे रांगती मुलंसुद्धा डुंबतात.

पेनीने कमरेचं वस्त्र नीट केलं आणि तो बाहेर उतरला. रस्त्याच्या कडेला बायाबापे जमले होते. तो फालानीकोपुढे वाकला. त्याचा हात चटईच्या काठाला लागणार, तोच फुआतीनो त्याच्या बाजूने पुढे निघून गेली. काका, भाऊ, चुलतभाऊ, सगळ्यांना ओलांडून ती शेवटच्या चटईपाशी पोचली आणि गुडघे टेकून बसली. खालून खाऱ्या झऱ्याचा वास येत होता, आणि त्यात पोरी हाताला फासतात त्या खडूच्या भुकटीचा.

"तू कशाला आलीस गं बाई इथे?" ती हळू आवाजात म्हणाली. "या लोकांत बसायला? तुझं काय चुकलं होतं?"

चटईखालचा हात आत ओढला गेला.

"तुझं काही चुकलं नव्हतं. ऊठ. जा आता."

आणि तिने चटई उचलली. खाली कुणी नव्हतं. गोटे तेवढे ओले होते. चटईच्या आतल्या अंगाला दोन लहान पांढरे पंजे उमटले होते.

चटईखाली बसलेल्याने बोलायचं नसतं, मान कापली तरी. पण तेवढ्यात फालानीको बोलला.

"माझ्या मानेवर पाणी कोण टाकतंय?"

कुणीच टाकत नव्हतं.

"पेनी, चटई उचल. लवकर उचल. ती माझ्या चटईखाली आलीय."

"कोण आलीय?" पेनीने विचारलं.

फालानीकोची चटई थरथरत राहिली. पेनीने हात मागे घेतला, घरात परत आला आणि मताईच्या ठरलेल्या खांबाला पाठ टेकून मांडी घालून बसला.

"बसू दे त्यांना," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज त्याच्या बापासारखा निघाला.

ऊन चढलं. त्या सहा जणांना कुणी पाणी नेऊन दिलं नाही. फुआतीनोने नातीच्या केसांना तेल लावलं, तिला कोको आणि उकडलेलं केळं खायला बसवलं, आणि तिने ते खाल्लं. मग दोघी धक्क्याजवळच्या पोलीस चौकीकडे जाणारी बस धरायला निघाल्या. चटयांच्या रांगेजवळून जाताना सालाफाईने मान खाली घातली नाही.

त्या घराण्याने दुपारी आपल्या चटया आपणच उचलल्या. फालानीकोला पुढे तुरुंग झाला. त्याची मान अखेरपर्यंत ओली राहायची, असं पहारेकरी सांगत. खरं-खोटं त्यांना ठाऊक. गावाने शेडच्या आतल्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढलं. बायकांचं चटया विणायचं काम आता त्याच शेडमध्ये चालतं. वजनकाटा त्यांच्या मधोमध ठेवलेला असतो, आणि पोरींचं वजन तिथेच, सगळ्यांदेखत, सगळ्यांच्या थट्टेत होतं. नवी शिक्षिका आली तिला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं, की इथे दार नाही आणि पुढेही बसवलं जाणार नाही.

सातवी चटई कुणाची, हा प्रश्न राहिला होता. फालानीकोच्या लोकांनी सांगितलं, आम्ही सहाच आणल्या होत्या. फुआतीनो ती घडी करून लितिआच्या आईकडे घेऊन गेली. त्या आईने काठाची लाल पिसं बोटांनी चाचपली, एका कोपऱ्यातली चुकलेली वीण शोधून काढली आणि बराच वेळ ती तशीच धरून बसली. ती चटई तिने स्वतः विणली होती. स्वतःच्या हाताने लेकीच्या शवपेटीत घातली होती.

लितिआ चार वर्षांपूर्वी, चर्चमधल्या मुलांच्या सणाच्या, पांढऱ्या रविवारच्या, आदल्या शुक्रवारी, झऱ्यात बुडून वारली. ती चौदा वर्षांची होती.