चादरीचं दुसरं टोक

"आजपासून तू खिडकीकडे उभी राहा," धाकटी म्हणाली. "मी भिंतीकडे."

थोरलीच्या हातातली चादर हवेतच थांबली. चौदा वर्षं धाकटी खिडकीकडे आणि ती भिंतीकडे. त्या मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात घडी घालायला दोघी लागत. चार कोपरे, चार हात. झटकायचं, जवळ यायचं, कोपऱ्याला कोपरा द्यायचा, पुन्हा लांब जायचं. बघणाऱ्याला वाटावं, दोघी दिवसातून चारशे वेळा भांडतात आणि चारशे वेळा समेट करतात. नात्याच्या नव्हत्या त्या. वयात आठ महिन्यांचं अंतर, तेवढ्यावरून लोकांनी एकीला थोरली केलं, दुसरीला धाकटी.

"का गं? खिडकीने काय घोडं मारलंय तुझं?"

"ऊन येतं डोळ्यांवर."

बाहेर सकाळपासून ढग होते.

थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. खिडकीकडच्या बाईने डाव्या हाताने ढिगातून ओली जड चादर ओढायची असते. म्हणजे ओढायचं काम आता हिच्या गळ्यात. आणि कधी? तर घडीचं मशीन यायला महिना उरलेला असताना. मशीन आलं की प्रत्येक जोडीतली एकच बाई ठेवणार, दुसरीला नारळ, असं सगळे कुजबुजत होते.

मग थोरलीला एकेक दिसायला लागलं. धाकटी मुकादमाच्या खोलीत जाते, दार लावून घेते. फोन वाजला की तोंडावर हात धरून बोलते. बुधवारी दुपारी दोन तास नाहीशी होते आणि परत येते ती हसत, सगळे दात दाखवत, जसं काही झालंच नाही. त्या हसण्यावर अख्खं धुलाईघर भाळलेलं. थोरलीला मात्र आता त्या हसण्यातही पाणी मुरताना दिसू लागलं.

शेवटी ती मुकादमाकडे गेलीच.

"धाकटी बुधवारी कुठे जाते, विचारा एकदा. तिच्या वाटणीचं मी ओढते. मशीनवर कोणाला ठेवायचं ते तुम्ही बघालच म्हणा."

मुकादमाने चष्मा वर केला. "बरं झालं बोललात. तीन आठवड्यांची रजा मागतेय. कारण विचारलं तर म्हणे घरगुती. गळणाऱ्यांची यादी करतोच आहे मी."

बाहेर आल्यावर थोरलीला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जिला जागा बळकावायची आहे ती रजा कशाला मागेल? की दुसरीकडे सूत जुळलंय?

पुढच्या बुधवारी पोट दुखतंय म्हणून ती निघाली आणि बसमध्ये धाकटीच्या चार बाकं मागे बसली. धाकटी उतरली, तिथे ही उतरली. एक फाटक, एक लांब ओसरी, आणि एका दारावर पाटी: कर्करोग विभाग, स्त्रिया.

बाकावर बसता बसता धाकटीने मागे पाहिलं.

"पोट राहिलं का दुखायचं?"

थोरली दारावरची पाटी पुन्हा वाचत राहिली.

"ये, बस. एवढी हेरगिरी केलीस, पाय दुखले असतील." धाकटीने पिशवी बाजूला केली. "छातीत डावीकडे गाठ आहे. वाटाण्याएवढी. तपासायला सुई घालून तुकडा काढला, म्हणून हात ओढवत नव्हता. लवकर सापडली म्हणतात. गाठ काढतील, मग किरणं देतील, बरी होशील म्हणतात."

"मला का नाही बोललीस?"

"तुला सांगितलं असतं, तर आत्ता जशी बघतेस तशीच बघत राहिली असतीस. आणि मशीन येतंय. दुखणेकरी बाईला कोण ठेवतं?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या भोंग्याआधीच थोरली मुकादमाच्या दारात उभी होती.

"परवाचं माझं बोलणं खोटं होतं."

"परवा एक, आज एक! दोघींनी मिळून काय शिजवलंय?"

"काही नाही. तिचं नाव काढा यादीतून."

"कारण?"

"कारण विचारू नका."

मुकादमाने तिच्याकडे असं पाहिलं, जसं ती इतके दिवस धाकटीकडे पाहत होती. "मशीनवर तुमच्या जोडीतली एकच. दुसरीला बाष्पाच्या भट्टीवर जागा आहे. तिथे कोणी महिनाभर टिकत नाही. जाल?"

थोरलीने स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. साबणाने पांढरे पडलेले, पण अजून न भाजलेले.

"जाईन."

शस्त्रक्रियेच्या सकाळी ती धाकटीच्या खाटेशी बसली होती. मनगटावर भाजल्याचे दोन ताजे डाग होते.

"भट्टीवर कशाला गेलीस? कोणी धाडलं?" धाकटीने विचारलं.

"मागून घेतलं."

"तू? तू कोणाला फुकट सुई देत नाहीस. दया आली का माझी? मला नको ती."

"दया नाही गं." थोरली खाटेच्या दांडीकडे बघत म्हणाली, "मुकादमाचे कान मीच भरले होते. तुझं नाव यादीत माझ्यामुळे चढलं होतं."

धाकटीने भिंतीकडे तोंड फिरवलं. बराच वेळ तिच्या पाठीचीच घडी थोरलीला दिसत राहिली.

परिचारिका आली. अंगठी, घड्याळ, चष्मा, सगळं काढायला लावलं. "कवळी आहे का? असेल तर काढून घरच्यांकडे द्या."

"छे, कवळी कसली!" धाकटी फटकन म्हणाली.

परिचारिका ढकलगाडी आणायला गेली. पडद्यापलीकडे कोणीतरी खोकत होतं.

"पडदा ओढ," धाकटी म्हणाली.

थोरलीने ओढला.

"तिकडे तोंड कर."

थोरलीने केलं. मागे रुमालाची सळसळ झाली. मग तिच्या हातात एक छोटीशी गुंडाळी आली, ओलसर आणि कोमट.

"वरचे सगळे आहेत," बसक्या, अनोळखी तोंडाने धाकटी पुटपुटली. "धुलाईघरात कोणाला ठाऊक नाही. सांभाळ."

गाडी आली, चाकं करकरत लांबच्या दारापर्यंत गेली. थोरली बाकावर बसली. हातातल्या रुमालावर तिने मूठ मिटली, आणि दार पुन्हा उघडेपर्यंत एकदाही आत डोकावून पाहिलं नाही.