हिम्मतरावांची पसंती

नात्यागोत्यात कुणाला मिक्सर घ्यायचा असो की बोअरची मोटर, आधी नारायणगुड्याला हिम्मतरावांच्या घरी चक्कर व्हायचीच. उभी हयात हवाई दलात लढाऊ विमानांची इंजिनं उघडण्यात गेलेली. निवृत्त होऊन हैदराबादेत स्थिरावले आणि सगळ्यांचे 'विमानवाले हिम्मतराव' झाले. विचारायला आलेल्याला ते लगेच काही सांगायचे नाहीत. "आधी काम सांगा, मग यंत्र सांगतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यामागून विमानाची गोष्ट यायची: चाचणीत सगळ्यांत वेगवान ठरलेलं विमान डोंगरातल्या धावपट्टीवर, विरळ हवेत, पूर्ण भार घेऊन काही केल्या उडेना. ही गोष्ट तारामतींना इतकी पाठ होती की शेवटचं वाक्य त्या स्वयंपाकघरातून नवऱ्याच्या आधीच पुटपुटायच्या.

त्यामुळे जावयानं, गौतमनं, स्वतःची गाडी घ्यायचं काढलं तेव्हा निकाल कोण देणार हा प्रश्नच नव्हता. गौतम अफझलगंजहून कापडाचे गठ्ठे सुलतान बाजारातल्या दुकानांत पोचवायचा, तेही भाड्याच्या गाडीनं. त्याच्या मनात छोटी चारचाकी होती. पुढंमागं दुसरं काम मिळालं तर ती बरी पडेल, असं तो एकदाच म्हणाला. हिम्मतराव त्याला घेऊन बाजारात गेले, गल्ल्यांची तोंडं स्वतः टेपनं मोजली आणि दुकानदारांदेखत विमानाची गोष्ट सांगून निकाल दिला: ट्रॉली ऑटो. मागं हौदा असलेली ही तीनचाकी त्या गल्ल्यांत जागच्या जागी वळते, चारचाकी अडकून बसेल. निकाल चोख होता. गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडलं, आणि गौतमचं खरंच बरं चाललं.

पुढे बाजाराची गिऱ्हाइकी ओसरली. लोक घरबसल्या फोनवर कापड मागवायला लागले, गठ्ठे कमी होत गेले. गौतमनं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, नव्या उंच इमारतींत लोखंडी कपाटं पोचवायचं काम धरलं. लांबचा रस्ता आणि एकामागून एक उड्डाणपूल. हौद्यात कपाटं उभी केली की गाडी वळणावर एका अंगाला झुकायची. शेवटी तो सासऱ्यांकडे आला आणि ही विकून चारचाकी घेऊ का, एवढंच त्यानं विचारलं.

काम बदललं म्हणजे यंत्र बदलायला हवं, हे हिम्मतरावांना त्याच क्षणी कळलं होतं. कळलं नव्हतं म्हणायला जागाच नाही. विमानाखाली एक जादा टाकी लटकवायची झाली तरी हा माणूस वजनाचा हिशेब पुन्हा करायला लावायचा. पण समोर मेहुणे उमाजी बसले होते, वॉशिंग मशीनचा सल्ला घ्यायला आलेले. उमाजींच्या कानावर पडलेलं दिवेलागणीपर्यंत अख्ख्या गोतावळ्यात पोचतं. विमानवाल्यांनी निवडलेली गाडी त्यांचाच जावई विकायला काढतोय, हे हिम्मतरावांना ऐकवलं नसतं.

"गाडी ठणठणीत आहे," ते म्हणाले. "चालवणाऱ्याचा हात नीट पाहिजे."

गौतमनं त्यांच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं. "हौ मामा," म्हणाला आणि चहा संपवून उठला.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. उड्डाणपुलाच्या वळणावर एक दुचाकी आडवी आली आणि तिला वाचवायला त्यानं हँडल फिरवलं. गाडी कलंडली, गौतम रस्त्यावर फेकला गेला आणि दोर तुटून सुटलेलं एक कपाट त्याच्या पाठीवर येऊन पडलं. दुचाकीवाल्याला खरचटलंही नाही. गौतमचं कमरेखालचं सगळं अंग लुळं पडलं. आता पाय चालायचे नाहीत, हे डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, त्रिवेणीला, उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात उमाजी म्हणाले की पोरानं वळण जोरात घेतलं असणार, गाडी तर आपल्या हिम्मतरावांच्या पसंतीची. चार जणांनी माना डोलावल्या. हिम्मतराव गप्प बसले. तारामतींनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. गौतम विचारायला आला त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात होत्या, सगळं ऐकलेलं होतं. हिम्मतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नारायणगुड्याचं घर तळमजल्यावर, म्हणून त्रिवेणीनं नवऱ्याला माहेरीच आणलं. एका दुपारी ती मोबाइल घेऊन बापाशेजारी येऊन बसली. त्यात व्हीलचेअरचे फोटो होते.

"बाबा, यातली कोणती घेऊ?"

आवाजात टोमणा नव्हता. लहानपणी सायकल घेतानाही तिनं असंच विचारलं होतं, आणि तेच सहन होईना. हिम्मतरावांनी सवयीनं टेप काढली, न्हाणीघराचं दार मोजलं. आधी काम सांगा, हे ठरलेलं वाक्य जिभेवर आलं आणि तिथंच अडकलं.

"मला नको विचारू," ते म्हणाले. "गौतमला विचार."

"त्यांनीच सांगितलंय, मामांना विचार म्हणून."

ते टेप हातात घेऊनच आतल्या खोलीत गेले. गौतम पलंगावर छताकडे बघत पडला होता. या वेळी त्यांनी शब्द गिळले नाहीत.

"त्या दिवशी तुझं बरोबर होतं, गौतम. काम बदललं होतं, ती गाडी विकायलाच पाहिजे होती. मला तेव्हाच कळत होतं. उमाजी समोर बसला होता म्हणून मी बोललो नाही."

पंखा फिरत राहिला.

"मला बी कळलं होतं, मामा," तो म्हणाला. "तुमच्या तोंडाकडं बघूनच कळलं होतं. तुमचा शबूद कसा मोडू म्हणून गेलो."

मग त्यानं मान वळवून त्यांच्या हातातल्या टेपकडे पाहिलं.

"घ्या कोणती बी. तिला तरी चार चाकं असतात ना?"

असतात, हिम्मतराव म्हणाले. आणि टेप उलगडून पलंगाची उंची मोजायला वाकले.