बाटलीतली नस

देवास गेटजवळच्या तंबूपुढे पुरुषांची ही लांब रांग, आणि प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल. आत नसबाबा ओरडत होता, "ना चाकू, ना टाका! सात मिनट में सड़ी नस बाहर!"

रांगेत श्रीनाथ होता. गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर, बारा वर्षांची शुगर, आणि तिच्यापायी आलेला पुरुषी दुबळेपणा. डॉक्टरांनी त्याला नीट सांगितलं होतं: आधी गोळ्या, मग इंजेक्शन, कशानेच जमलं नाही तर शेवटी ऑपरेशन करून आत कृत्रिम दांड्या बसवतात. ऑपरेशन म्हणताच हा पळाला. बायको कल्पना एवढंच म्हणाली होती, "मी येऊ का बरोबर?" तर तिच्यावरच खेकसला. तेव्हापासून दोघं एकमेकांकडे पाठ करून झोपत.

बाबाने डोळे मिटायला लावले, जांघेत ओला कापूस दाबला, काहीतरी ओढलं. "देख, तेरी दुश्मन!" लाल, लिबलिबीत दोरी बाटलीत पडली. "खोलना मत. शिप्रा में छोड़ दे. किसी को बोला, तो गुण गया!"

शिप्रा नदीच्या रामघाटावर बाटली सोडायला श्रीनाथ वाकला, तर शेजारी तशीच बाटली घेऊन कल्पनाचा भाऊ अरविंद.

"भाऊजी, तुम्ही?"

"मुतखडा. तुझं?"

"माझा पण... मुतखडाच."

दोघांच्या माना खाली गेल्या. श्रीनाथने झाकण उघडलं. वास ओळखीचा. दवाखान्यात मेलेल्या कोंबड्या तपासायला फाडताना हे आतडं त्याने शेकडो वेळा हातात धरलं होतं. जांघेला साधा ओरखडा नव्हता, आणि याने तेही बघितलं नव्हतं!

"भाऊजी, चुपचाप घरी चला. इज्जतीचा सवाल आहे."

"त्या इज्जतीवरच त्याचा तंबू उभा आहे रे!"

परत तंबूपुढे येऊन श्रीनाथने रुमाल काढला. कान तापले, आवाज चिरकला. "माझं उभं राहत नाही. म्हणून मी इथे आलो. आणि ही माझी नस नाही, कोंबडीचं आतडं आहे!"

"तो मुर्गी का इलाज कर!" कुणीतरी खिदळलं.

अरविंदने आपली बाटली वर केली. "मेरी भी यही."

हसू थांबलं. श्रीनाथने बाबाची कापसाची परात ओढून पालथी केली. ओल्या बोळ्यांतून रंगवलेली चार आतडी घरंगळली. तळहातात बोळा, बोळ्यात आतडं, एवढंच ते ऑपरेशन. बाबा मागच्या कनातीतून पसार झाला.

श्रीनाथने तिथूनच फोन लावला. "कल्पना, डॉक्टरकडे जायचंय. येशील बरोबर?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज. मग, "चप्पल घालते."

बाप्यांनो, माणसाच्या अंगातून जखमेशिवाय नस निघत नाही. हा रोग आहे, पाप नाही; शुगर तपासा, डॉक्टरला खरं सांगा, बायकोला बरोबर न्या. लाज वाटेल. वाटू दे, पण जा.